सासऱ्यासाठी एक राउंड

माझं लग्न एका राउंडावर अडलं होतं. ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे, की आता मी "राउंड" म्हटलं तर सुना भांडी उचलून आत जातात. म्हणून लिहून काढतो. कागद तरी उठून जात नाही. मी दुसरीपर्यंत शिकलो, आणि त्यातही दुसरीचा बराच भाग ढोरांमागे गेला. पण माझं अक्षर मोठं आहे, सरळ आहे, आणि जे मी डोळ्यांनी पाहिलं ते मला कोणी शिकवायची गरज नाही.

साल नक्की सांगता येणार नाही. पन्नासनंतर आणि साठच्या आत, एवढं खरं. आमच्या बाजूनं रेल्वेची नवी लाईन टाकायचं काम निघालं होतं. तुरी झोडून झाल्या होत्या आणि होळी यायची होती.

वडील मी लहान असतानाच गेले. आईला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. त्यामुळे आमच्या घरचं सगळं बोलणं मामाच्या वाट्याला आलं होतं. मामाचं वावर आमच्या वावराला लागून, अनसिंगच्या शिवारात. माणूस कष्टाळू, मनाचा चांगला, पण "मले मालूम नाही" हे शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. ठाऊक असलं तर सांगायचा, नसलं तर जास्त सांगायचा.

मुलगी कामरगावची होती. तिचा बाप पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर घरी आला होता. मी आणि मामा मोटार बदलत बदलत तिथं पोचलो तर अंगण असं झाडलेलं, की चप्पल कुठं काढावी तेच समजेना. अंगणाच्या कडेनं दगड एका ओळीत मांडून त्यांना चुना फासला होता. हवालदार ताठ उभे होते. मिशासुद्धा ताठ.

बैठकीच्या कोपऱ्यात एक उंच कातडी थैली उभी होती. तिच्यातून काठ्यांची डोकी वर आली होती. एकाचं डोकं लाकडाचं, बाकीच्यांची लोखंडाची, आणि सगळी एका बाजूला वाकडी वळलेली. मी पाहिली आणि गप्प राहिलो. मामाला गप्प राहणं जमत नव्हतं.

"हवालदार साहेब, या काठ्या बेस हायेत," तो म्हणाला. "तुरी झोडाले घेतल्या का?"

हवालदारांनी चहाची बशी खाली ठेवली. आणि आतल्या दारामागून एक हसू आलं. पदरानं तोंड दाबून धरलेलं, तरी नाकातून निसटलेलं. मुलगी तोवर आमच्यासमोर आलीसुद्धा नव्हती. पुढं ती आली, पोहे ठेवून गेली, मला तिच्या हातातल्या बांगड्यांपलीकडे काही दिसलं नाही. पण खरं सांगतो, मला ती त्या हसण्यावरच पसंत पडली होती. आता लग्न करीन तर इथंच, असं मी मनात ठरवून टाकलं. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं.

हवालदार म्हणाले, "हे गोल्फाचं सामान हाय."

आम्हाला तो शब्द नवा होता. मग त्यांनीच सांगितलं. छावणीत ते एका अफसराकडे अर्दली होते. तिथं मोठं मैदान होतं. सोमवारी ते साहेब लोकांना बंद असायचं, आणि त्या एका दिवशी पलटणीतल्या साध्या माणसांना अगदी थोड्या पैशांत खेळू द्यायचे. चेंडू काठीनं मारत मारत एका होलातून दुसऱ्या होलात न्यायचा, असं करत सगळं मैदान फिरून आलं की एक राउंड झाला. असे त्यांनी किती सोमवार काढले त्याची गिनती नव्हती. पेन्शन झाली तेव्हा अफसरानं जुनी थैली देऊन टाकली.

"अन् इथी कायचं मैदान," ते म्हणाले. "मोठ्या शहरात जाऊन इचारलं. थे म्हणतेत सालभराचं मेंबर व्हा. मले मेंबर नाही व्हायचं. एक राउंड पाहिजे, पेन्शनीवाल्याले झेपन असा."

त्यांची बायको उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "सोमवार आला का हे आंगनात काठी घेऊन उभे राह्यतेत. कोंबड्या दिवसभर घरात येत नाहीत."

कोणी हसलं नाही. हवालदार कोपऱ्यातल्या थैलीकडे पाहत राहिले. हसण्यासारखं ते पाहणं नव्हतं.

तुरीच्या काठ्यांची चूक मामाला खुपत होती. ती भरून काढायला तो म्हणाला, "आमच्या अनसिंगले हाय नं याचं मैदान."

हवालदार वळले. "गोल्फाचं?"

"गोल्फाचंच. हा पोरगा राउंड बुक करून देते तुमाले. स्वस्तात."

मी मामाकडे पाहिलं. मामा छताकडे पाहत होता.

तबकात सुपारी ठेवलेली होती. मुलगी पसंत, मुलगा पसंत, देणंघेणं काही नव्हतंच. आता सुपारी फोडली की लग्न ठरलं. हवालदारांनी ती सुपारी उचलली. थैलीला बाहेरून एक छोटा खण होता, त्यात चेंडू असायचे. सुपारी त्यांनी त्या खणात टाकली आणि वरून चामड्याचा पट्टा ओढला.

"मले आदमी एका जबानीचा पाहिजे," ते म्हणाले. "राउंड झाला का फोडू. होळीच्या आंदी."

परतीच्या मोटारीत मी मामाला विचारलं, "कोठी हाय मैदान?"

"हाय."

"हाय, पन कोठी?"

"तू पाह्य तं आंदी. पाह्यलं म्हंजे सापडते. तुले सारं आयतंच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी वाशीमला गेलो. मामाची जबान आता माझी झाली होती, आणि ती खोटी पडली तर त्या दारामागचं हसू गेलं. मोटार स्टँडवर दोघातिघांना विचारलं, "राउंड कोठी भेटते, स्वस्तात?" एकानं माझ्याकडे खालून वरून पाहिलं आणि बोटानं एक दुकान दाखवलं. कंदील, सायकलीचं सामान, शिकारीचं सामान, असं सगळं तिथं होतं. दुकानदार म्हातारे मियाँ होते, दाढी मेंदीनं रंगवलेली. मी पुढं होऊन विचारलं, "चाचा, राउंड हाय का?"

त्यांनी आवाज खाली आणला. "डुक्कर के लिए?"

"नाही."

"हिरन?"

"नाही चाचा. सासऱ्यासाठी."

मियाँ माझ्याकडे पाहतच राहिले. मला वाटलं, यांना ऐकू कमी येत असेल. मी मोठ्यानं सांगितलं, "एकच पाहिजे. सासऱ्यासाठी. सस्ता असन तं बरं."

"एकच?"

"एकात होते म्हणे काम."

आता दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही माझ्याकडे पाहायला लागली. मियाँनी गल्ल्यावरचा हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला. "बेटा, घर जा. पानी पी. ससुर बाप के जैसा होता है. दो दिन में गुस्सा उतर जाता है."

मला राग कशाचा, तेच कळेना. मी बाहेर पडलो, स्टँडवर येऊन झाडाखाली बसलो. भाकर सोडणार तेवढ्यात एक शिपाई समोर उभा राहिला.

"राउंडवाला तूच का बे?"

"हो. भेटला का?"

"चाल. भेटते तुले."

तो मला ठाण्यात घेऊन गेला. जमादार खुर्चीवर बसून पान लावत होता. त्यानं चुन्याचं बोट वर न उचलता विचारलं, "सासऱ्यासंगं काय भांडन हाय तुह्यं?"

"भांडन नाही. थो अजून सासरा झाला नाही."

"अन् आतापासूनच मारून राह्यला?"

"मारायचं त्यायलेच हाय. मी कायले मारू?"

"कोनाले मारायचं हाय त्यायले?"

"चेंडूले."

जमादारानं पान खाली ठेवलं. तेव्हा कुठं त्यानं मला सांगितलं, की पोलिसात आणि पलटणीत राउंड म्हणजे बंदुकीची गोळी. मला त्या घडीपर्यंत ते ठाऊक नव्हतं. सगळ्या वाशीमात मी सासऱ्यासाठी गोळी विचारत फिरलो होतो, आणि तीही स्वस्तातली.

"साहेब, हा खेळ हाय," मी म्हटलं. "चेंडू जमिनीवर ठेवायचा. काठीनं हानायचा. मंग त्याच्या मागं चालत जायचं."

"मंग?"

"मंग पुन्हा हानायचा."

"समोरून कोनी हानत नाही?"

"नाही."

"कोनी धरत नाही, अडवत नाही?"

"नाही."

"मंग याच्यात खेळ काय हाय?"

"मले काय मालूम. मले फक्त बुक करायचा हाय."

शिपाई भिंतीकडे तोंड करून हसत होता. जमादार हसला नाही. त्यानं टेबलावरचा रूळ उचलला, त्याच्या टोकाला आपला वाकडा अंगठा लावला आणि म्हणाला, "काठीचं डोकं असं राह्यते का?"

"तसंच."

"अबे, मंग लाईनीवरचा थो इंजिनियर साहेब हेच खेळून राह्यला. तुमच्याच अनसिंगच्या बरडावर. मी बंदोबस्ताले गेलतो तं पाह्यलं. मले वाटे, जमीन ठोकून पाह्यते."

जमादारालाच नव्हे, आमच्या सगळ्या गावाला तसंच वाटत होतं. गावाबाहेरच्या मुरमाड चराईच्या जमिनीवर, तिला आमच्याकडे ई-क्लास म्हणतात, लाईनवाल्यांचे तंबू पडले होते. संध्याकाळ झाली की एक हडकुळा साहेब अर्ध्या चड्डीत काठी घेऊन एकटाच फिरायचा, मधेच थांबून जमिनीवर ठोका मारायचा. लोक म्हणायचे, लाईनीचं वजन पेलते का, हे तो पाहतो. मीही तेच म्हणायचो.

जमादारानं मला सोडलं. वर अर्धं पानही दिलं. ठाण्यातून बाहेर आलो तेव्हा छातीत नुसती हवा भरली होती. मैदान होतं. मामा न कळता खरं बोलला होता.

मामाला घेऊनच साहेबाकडे जायचं मी ठरवलं. मोठं माणूस सोबत असलं की बरं दिसतं. ऐकून मामाला आनंद व्हायला पाहिजे होता, पण तो म्हणाला, "मी कायले? तू जाय." मी धरूनच बसलो तेव्हा बंडी जुंपली. बंडीत बसल्यावरही तो बोलत नव्हता. मामा बोलत नाही ही गोष्ट नवीन होती, पण मी माझ्याच नादात होतो.

साहेब तंबूपुढं खुर्ची टाकून बसला होता. माणूस मद्रासकडचा, हिंदी तोडकीमोडकी बोलायचा. माझी हिंदी त्याच्यापेक्षा बरी नव्हती, म्हणून आमचं चांगलं जमलं.

"साहेब, एक राउंड चाहिए. सासरे के लिए."

तो गोळीवर गेला नाही. चटकन उठून उभा राहिला. "गोल्फ? इधर? कौन खेलता है?"

मी हवालदारांचं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा फुलत गेला. मग त्यानं विचारलं, "तुम कौन गाँव का?"

"अनसिंग."

चेहरा मिटला. "तो नहीं मिलेगा."

"काहून?"

"मैं होल बनाता है, होल में झंडी लगाता है. लाल झंडी. तुम्हारा गाँव का आदमी उखाड़ के ले जाता है. फिर लगाता है, फिर ले जाता है. झंडी नहीं तो होल किधर है, कैसा मालूम पड़ेगा? चोर लोग का गाँव."

चोर म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी गरीब असेन, पण चोराच्या गावचा नाही. तसं तोंडावर सांगायला मी मान वर केली आणि माझी नजर आमच्या बंडीवर गेली. बैलांच्या शिंगांना लाल फडकी बांधलेली होती. नवी, तिकोनी, एका मापाची. मामा बैलांच्या पुढं हात पसरून उभा होता, जसं काही बैल थंडीनं कुडकुडत होते.

मी म्हटलं, "मामा, हे फडके कोठून आनले?"

मामानं आधी आकाशाकडे पाहिलं, मग बैलांकडे, मग जमिनीकडे. साहेबानंही तोवर पाहिलं होतं.

"साहेब, चोरी नाही केली," मामा म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "झेंडी लागली म्हंजे लाईन आली, सारे हेच म्हनतेत. माह्या बांधाले लागून झेंडी गाडली तुमी. मी उपटली. तुमी पुन्हा गाडली, मी पुन्हा उपटली. माह्यं तेवढंच वावर हाय, साहेब. त्याच्यातून गाडी गेली तं मी कोठी जाऊ?"

जो माणूस गावाला नसलेल्या गोष्टीही सांगत सुटायचा, त्यानं ही एक गोष्ट कितीतरी दिवस पोटात ठेवली होती. मामीलाही सांगितली नव्हती. माझ्या लग्नासाठी कामरगावला मोटारीत बसला तेव्हाही ती त्याच्या पोटात होती.

मी साहेबाला माझ्या हिंदीत समजावून सांगितलं. साहेब पुढं आला. मामाचा दंड धरून त्याला तंबूच्या बाजूला नेलं आणि दूर बोट दाखवलं. "वो टेकड़ी देखता है? लाइन उसके पीछे से जाएगी. इधर लाइन नहीं आएगी. इधर सिर्फ मेरा गेंद आएगा."

"टेकडीच्या मांगून?" मामानं मला विचारलं.

"मांगून."

"इचार त्याले पुन्हा."

मी पुन्हा विचारलं. साहेबानं पुन्हा टेकडी दाखवली. मामा तिथंच मुरमावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि नुसता श्वास घेत राहिला, जड ओझं उतरवलेला हमाल घेतो तसा. मग उठला आणि आपल्या हातानं शिंगांची फडकी सोडायला लागला. बैलांनाही हलकं वाटलं असावं, त्यांनी माना झटकल्या.

साहेब म्हणाला, "संडे सुबह लाओ ससुर को. मैं वाशीम जाता है, मैदान खाली. फ्री."

मी म्हटलं, "फुकट नको."

मामानं मला कोपर मारलं. पण मी हवालदारांना परवडेल असा राउंड बुक करायला निघालो होतो, भीक मागायला नाही. "काम सांगा," मी साहेबाला म्हटलं.

साहेबानं थोडा विचार केला. "झंडी वापस लगाओ. और जब तक मैं इधर है, झंडी खड़ी रहेगी. ये फी है."

"मंजूर," मी म्हटलं. मामा म्हणाला, "कोन हात लावते पाह्यतो." उपटणारा तोच होता, हे तो विसरूनही गेला होता.

रविवारच्या आदल्या दिवशी हवालदार आणि त्यांची बायको आमच्याकडे आले, घर पाहायचं म्हणून. मुलगी आली नव्हती, तशी रीत नव्हती. सकाळी हवालदारांनी बूट चमकवले, पायाला पट्ट्या गुंडाळल्या आणि आम्ही बरडावर गेलो. थैली मामानं खांद्यावर घेतली होती. कोणी सांगितलं नव्हतं, त्यानं आपणहून घेतली.

मैदान कसलं, मुरूम आणि कुसळी गवत. होलाभोवतीच्या हिरवळीच्या जागी साहेबानं रेतीत तेल कालवून गोल थापलं होतं, आणि मधोमध डालड्याचा डबा जमिनीत पुरला होता. आम्ही पोरं गोट्या खेळायला गल खणायचो तशी गल, फक्त डब्याची. त्यात लाल झेंडी. मला वाटलं, छावणीचं मैदान पाहिलेला माणूस आता तोंड वाकडं करील. हवालदार खाली बसले, रेतीवरून हात फिरवला, बोटांचा वास घेतला.

"चालन," ते म्हणाले. ऐकून मला बरं वाटलं.

त्यांनी चेंडू ठेवला, काठी मागे नेली आणि मारलं. तो आवाज मी विसरलो नाही. सुकी फांदी एका झटक्यात मोडावी तसा. चेंडू उडाला, लहान झाला, दिसेनासा झाला. साठीला टेकलेला तो माणूस त्याच्या मागे असा चालायला लागला, की मला आणि मामाला पळावं लागलं.

पण त्यांचे चेंडू पलटणीपासूनचे जुने, आणि मोजकेच. एक मामाच्या वावरात गेला. उन्हानं काळी जमीन उलली होती, भेगांत हात जाईल अशी. चेंडू अशाच एका भेगेत शिरला. मामा पालथा पडला, खांद्यापर्यंत हात घातला, माती तेवढी घेऊन आला.

"वावरानं गियला," तो म्हणाला. "लाईनीचं भेव दाखोलं होतं त्याले, आता थे सोडत नाही."

दुसरा, लाईनीसाठी माती काढलेल्या खड्ड्यातल्या पाण्यात गेला. तिथं म्हशी बसल्या होत्या आणि त्यांना उठायचं नव्हतं. उरला एक. हवालदारांनी तो जपून जपून नेला. शेवटचं होल राहिलं होतं, मामाच्या बांधाजवळचं. चेंडू रेतीच्या गोलाकडे येताना वाटेतल्या दगडावर आपटला आणि फुटला. त्याचं एक भकल इकडं, एक तिकडं. आतून रबराचा दोरा सुटून आला.

हवालदार त्या तुकड्यांपाशी उभे राहिले. साहेब वाशीमला गेलेला, तंबू बंद.

"नाही झाला," ते म्हणाले.

मामा म्हणाला, "झालाच म्हना की. एवढंसं तं राह्यलं."

"अर्धा राउंड म्हंजे राउंड नोहे." त्यांनी काठी थैलीत ठेवायला घेतली. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. अंगणात सोमवारी कोंबड्यांपुढं उभे राहत असतील, तसे ते दिसत होते.

होळी तोंडावर होती. पुन्हा चेंडू कुठून येणार, पुन्हा रविवार कधी मिळणार. पण मी हलायचा नव्हतो. एवढं ठाणं पाहून आलो होतो, आता एका डब्यापाशी मागे फिरायचं? त्यांनी काठी आत टाकली तेव्हा थैलीच्या खणात काहीतरी खडखडलं.

"थे काय हाय?" मी विचारलं.

"कोठी?"

"खनात. वाजून राह्यलं."

त्यांनी पट्टा सोडून हात घातला. हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर सुपारी होती.

"हे खेळायची नाही," ते म्हणाले.

"राउंड झाला का फोडू, म्हनलं होतं तुमी," मी म्हटलं. "मंग राउंड हिनंच पुरा करा."

ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मीही डोळे खाली घातले नाहीत. मग ते वाकले आणि सुपारी रेतीवर ठेवली. काठीनं हळूच टिचकी दिली. सुपारी एका बाजूनं चपटी, ती सरळ कशी जाईल? डावीकडे वळली आणि डब्याच्या बाजूला जाऊन कलंडली.

हवालदार रेतीवर पोट टेकून झोपले. एक डोळा मिटून सुपारीला इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. उठून मामाला म्हणाले, "डब्याच्या उजवीकडं पाय ठेवा."

"माह्या पायावर मारता का काय?"

"नेम पायावर. जाईन डब्यात."

"अन् फुटलं तं?"

"काय, पाय का सुपारी?"

मामानं पाय ठेवला आणि डोळे मिटून घेतले. हवालदारांनी मारलं. सुपारी मामाच्या अंगठ्याकडे निघाली, डगमगत, लंगडत. मधेच तिनं अंग टाकलं, वळली, डब्याच्या काठावर आली आणि थांबल्यासारखी झाली. मग डब्यात टण्ण वाजलं.

"पडली का?" मामानं डोळे मिटूनच विचारलं.

"पडली," मी म्हटलं.

हवालदारांनी टोपी काढली, झेंडीकडे पाहिलं आणि टोपी पुन्हा घातली. त्यांच्या मिशा हलत होत्या. मामानं गुडघे टेकून डब्यात हात घातला, सुपारी काढली, धोतराला पुसली आणि कमरेचा अडकित्ता हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं.

"फोडा," हवालदार म्हणाले.

मामानं तिथंच, डालड्याच्या डब्यापाशी, सुपारी फोडली. तिघांनी खाल्ली. तेलाचा आणि रेतीचा वास होता तिला. मी त्यानंतर पुष्कळ सुपारी खाल्ली, तशी गोड कुठली लागली नाही.

लग्न वैशाखात झालं. लाईन टेकडीच्या मागून गेली. साहेब होता तोवर झेंड्या उभ्या राहिल्या. एखादी गाय शिंग लावायला आली तरी मामा ओरडत धावायचा. साहेबाचे तंबू उठले, जाताना तो हवालदारांसाठी चेंडू ठेवून गेला. झेंड्यांचं कापड उन्हानं विटलं, तेव्हा मामानं मामीचं जुनं लाल लुगडं फाडून नव्या लावल्या. हवालदार सण पाहून येत नसत, सोमवार पाहून येत. लेकीला भेटायला आलो म्हणत, पण थैली सोबत असे.

बायकोला मी एकदा विचारलं, राउंडानंतर घरी गेल्यावर बाप काय बोलला. ती म्हणाली, "काही नाही. म्हने, जागा मुरमाड हाय, पोरगा हट्टी हाय, जाय."

मग मी तिला वाशीमच्या दुकानातलं सांगितलं. चाचांनी काय विचारलं, आणि मी काय सांगितलं. ती आधी पदर तोंडाशी नेऊन तसंच दाबून हसली, दारामागं हसली होती तसं. मग पदर सुटला. आई बाहेरून विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि आम्हा दोघांपैकी कोणालाच सांगता येईना.